लाल प्रॉम्प्टचे साक्षीदार

माझ्या हातून एक मशीन अकरा मिनिटं बंद पडलं, एवढीच खरं तर गोष्ट. पुढचे चार महिने जे झालं ते त्या अकरा मिनिटांचं निस्तरणं.

मी श्रीवर्धनला घरी बसून नवी मुंबईतल्या एका कंपनीची नोकरी करतो. वाडीकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि माझ्या ताब्यात दोन मशीनं. ती माझ्या घरात नाहीत. कुठे आहेत ते मलाही नक्की सांगता येणार नाही, आणि आमच्या शेजारच्या चांगदेव पाटलांच्या मते हेच या नोकरीचं सगळ्यात संशयास्पद अंग आहे. एक मशीन खरं. त्यावर चार जिल्ह्यांतल्या पॅथॉलॉजी लॅबांचे रिपोर्ट असतात. दुसरं चाचणीचं. त्यावर खोटे पेशंट आणि त्यांचे खोटे आजार. दोघांची नावं सतरा अक्षरांची, आणि फरक फक्त शेवटच्या आकड्याचा.

मार्चमध्ये एका सकाळी मी दुरुस्तीसाठी चाचणीचं मशीन बंद केलं. ते खरं होतं.

त्या अकरा मिनिटांत कोणाच्या जिवावर बेतलं नाही. एका गृहस्थांना आपली साखर किती ते अकरा मिनिटं उशिरा कळलं आणि तेवढ्यात त्यांनी दोन पेढे खाल्ले, असं नंतर तक्रारीत आलं. पेढ्यांची जबाबदारी माझ्यावर कशी येते हे मी कंपनीला नम्रपणे विचारलं. उत्तर म्हणून हेमालीचा फोन आला.

हेमाली माझी साहेब. वय एकतीस, राहणारी उरणची. घरी आगरी बोलते, ऑफिसात इंग्रजी आणि चिडली की हिंदी. ती हिंदीत सुरू झाली तेव्हाच मी खुर्चीत सरळ बसलो. एकूण म्हणणं असं की दोन आठवड्यांनी ऑडिटवाले येतायत, आणि त्यांना दाखवायला काहीतरी उपाय झालेला पाहिजे. नाहीतर मशीनं माझ्या हातून काढून घ्यावी लागतील. उपाय तिनेच सांगितला. प्रॉम्प्ट रंगवायचा.

प्रॉम्प्ट म्हणजे काय ते सांगायला हवं. काळ्या खिडकीत मी मशीनला हुकूम लिहितो. त्याआधी मशीन स्वतःच्या नावाची एक छोटी ओळ लिहून थांबतं. गिऱ्हाईक दिसल्यावर दुकानदार नुसती मान वर करतो ना, तेवढाच तिचा अर्थ. माझी दोन्ही मशीनं एकसारखी मान वर करत, म्हणून घोटाळा झाला. आता खऱ्या मशीनचा प्रॉम्प्ट लाल करायचा, चाचणीचा हिरवा, आणि शुक्रवारपर्यंत दोघांचे फोटो पाठवायचे. दहा मिनिटांचं काम, असं हेमाली म्हणाली. मी पाच म्हणालो.

पण एखादी गोष्ट करायचीच तर नीट करावी, असा माझा स्वभाव आहे. तयार लाल आणि तयार हिरवा मला बटबटीत वाटले. दोनशे छप्पन्न रंगांचा एक तक्ता असतो, त्यातून मी दोन दिवस घालवून एक भारदस्त लाल आणि एक सौम्य हिरवा निवडला. मग वाटलं, नुसता रंग काय कामाचा, ओळीत थोडी माहितीही हवी. वेळ टाकली. आधीचा हुकूम पार पडला की फसला, त्याची खूण टाकली. मशीनवर किती ओझं आहे तेही टाकलं. चांगदेव खिडकीत उभे राहून बघत होते. त्यांचे तीन ट्रक आहेत आणि ट्रकच्या मागे काय लिहावं यावर त्यांचा अभ्यास दांडगा. त्यांनी समुद्राच्या भरतीची वेळ टाकायला सांगितली. ती टाकल्यावर आगरदांड्याच्या फेरीबोटीची वेळ सुचवली. गुरुवारी संध्याकाळी प्रॉम्प्ट काळ्या खिडकीच्या उजव्या काठाला टेकला आणि हुकूम लिहायला जागा उरली नाही. फेरीबोटीची वेळ काढून टाकल्यावर चांगदेव नाराज झाले. दोन दिवस ते खिडकीत आले नाहीत, आणि ते दोन दिवस माझं काम फार चांगलं झालं.

फोटो पाठवले. पाच मिनिटांत हेमालीने कळवलं की उलटं झालंय, खरं मशीन हिरवं दिसतंय.

मी पुन्हा पाहिलं. काहीही उलटं नव्हतं. तरी साहेबांचा मान राखून रंग बदलले आणि नवे फोटो पाठवले. त्यावर उत्तर आलं, आता दोन्ही हिरवे आहेत. तिसऱ्या खेपेला दोन्ही चॉकलेटी. चौथ्या खेपेला तिने लिहिलं की सर, तुम्हाला हे काम आवडत नसेल तर सरळ सांगा, पण असा निषेध नको. मी उलट लिहिलं की तुमच्या लॅपटॉपचा पडदा कोणाला तरी दाखवून घ्या, मॅडम. दोष माझ्याकडे नाही. पत्राला मी मुद्दाम ‘आपला विश्वासू’ लावलं. एरवी लावत नाही.

दोष कोणाकडे आहे याची साक्षीदार म्हणून मी श्यामलाला हाक मारली. श्यामला माझी बायको. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून मागच्या वर्षी निवृत्त झाली. तिने पदराला हात पुसत पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

“अहो, यातला लाल कुठला?” तिने विचारलं.

मी बोटाने दाखवला. ती आत गेली आणि कपाटातून तीन ब्लाऊजपीस घेऊन आली. ही परीक्षा मला अपमानास्पद वाटली, तरी दिली. मी म्हणालो, हा हिरवा, हा लाल आणि हा पण लालच. ती खुर्चीवर बसली. मग एकदम तिला काय काय आठवायला लागलं. लग्नाच्या शालूला मी ‘हिरवा शोभतो तुला’ म्हणालो होतो, ते तिने तेव्हा चेष्टा समजून सोडून दिलं होतं. आमच्या फाटकाला मी दिलेला रंग, कच्चे टोमॅटो, माझा तो एक सदरा. सत्तावीस वर्षांचा संसार तिने अर्ध्या तासात तपासून काढला, आणि बहुतेक पानांवर चुका निघाल्या.

चांगदेव रुसवा विसरून आले. त्यांना पुरावा हवा होता. त्यांनी वाडीतून अनंताला बोलावलं. अनंता वडिलांच्या वेळेपासून आमच्या सुपाऱ्या उतरवतो. त्याने पडवीत चाळीस सुपाऱ्या मांडल्या, वीस पिकून लाल झालेल्या, वीस कच्च्या हिरव्या, आणि मला दोन ढीग करायला सांगितले. आळीतली दहाबारा माणसं कठड्याला टेकून उभी राहिली. मी सुपारीवाल्याच्या घरात जन्मलो, सुपारीवरच शिकलो. मी आत्मविश्वासाने दोन ढीग केले.

अनंताने दोन्ही ढिगांकडे बराच वेळ बघितलं आणि तो म्हणाला, “दादा, दोन्ही बाजूला दोन्ही हाय.”

“म्हंजे लाल दिव्याला भाऊ थांबत कसे असतील?” चांगदेवांनी सगळ्यांना विचारलं. मी सांगितलं की श्रीवर्धनात लाल दिवा नाही, आणि मुंबईत वरचा पेटला की मी थांबतो. यावर कठड्याजवळच्या चेहऱ्यांवर मला सहानुभूती अजिबात दिसली नाही. पुढे आठवडाभर लोक वाटेत थांबवून मला आपापले सदरे ओळखायला लावत होते.

मी हेमालीला खरं काय ते कळवलं. तिने लगेच फोन केला आणि आधी माफी मागितली. मला फार बरं वाटलं. मग म्हणाली, आता हे प्रकरण माझ्या हातात राहिलं नाही, मनुष्यबळ विभागाकडे गेलं. त्यांना डॉक्टरांचा दाखला हवा. कंपनीच्या यादीतलं रुग्णालय अलिबागला.

श्रीवर्धनहून अलिबागला एसटीने जाणं हा अर्ध्या दिवसाचा उद्योग आहे. तिथे डॉक्टरांनी ठिपक्यांची चित्रं दाखवली. प्रत्येक चित्रात एक आकडा लपलेला असतो म्हणे. मला एकातही दिसला नाही. शेवटी त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी एकदा सात म्हणालो. तिथे आकडा नव्हताच. डॉक्टरांनी लाल-हिरव्याचं जन्मजात वर्णांधत्व असं निदान केलं आणि दाखल्यासाठी बाहेरच्या खिडकीवर पाठवलं.

खिडकीतल्या बाईंकडे रंग दिसत असल्याचा दाखला होता. रंग दिसत नसल्याचा नव्हता. इतक्या वर्षांत तो कोणी मागितलाच नव्हता. भरतीसाठी लोक येतात, त्यांना दिसतं असं लिहून हवं असतं. दिसत नाही असं लिहून घ्यायला आजवर तुम्हीच आलात, असं त्या म्हणाल्या. दिसतं असा दाखला घेऊन गेलात तर चालेल का, हेही त्यांनी विचारलं. एक क्षण मला मोह झाला. पण मी आता हट्टाला पेटलो होतो. शेवटी त्यांनी छापील कागदावरचा ‘निर्दोष’ खोडून वर हाताने ‘सदोष’ लिहिलं आणि शिक्का मारला. त्याच्या दोन प्रती होत्या. हिरवी तुमची, गुलाबी आमची, असं सांगून बाई जेवायला गेल्या.

श्रीवर्धनला पोचल्यावर श्यामलाने सांगितलं की ही गुलाबी आहे.

दुसऱ्या फेरीचं वर्णन करत नाही. तोवर ऑडिटला चार दिवस उरले होते. मी स्वतःच्या डोक्याने मार्ग काढला. रंग नको, अक्षरंच लिहू. खऱ्या मशीनच्या प्रॉम्प्टमध्ये मी मराठीत लिहिलं, ‘थांबा, हे खरं आहे’, आणि चाचणीच्या प्रॉम्प्टमध्ये ‘चालू द्या, हे खोटं आहे’. पण त्या काळ्या खिडकीला काना-मात्रा झेपत नाहीत. अनुस्वार पुढच्या अक्षरावर जाऊन बसला, एकार हवेत राहिला, आणि मी लिहिलेला हुकूम प्रॉम्प्टच्याच अंगावर चढू लागला. खऱ्या मशीनवर शेवटी ‘हे ख’ एवढंच उरलं. श्यामलाने ते वाचून डोळे मिटून घेतले.

ऑडिटवाल्यांनी पडद्यावरून पाहणी केली. नियमात लाल लिहिलंय, तेव्हा लालच पाहिजे, असं ते म्हणाले. संबंधितास लाल दिसत नसल्यास लाल दिसणारी एक व्यक्ती त्याच खोलीत हजर हवी, आणि प्रत्येक हुकमाआधी तिने रंग पाहून तशी नोंद करावी. कंपनीने त्या पदाला लांबलचक इंग्रजी नाव दिलं. मी त्याला रंगसाक्षीदार म्हणतो. त्या पदावर श्यामलाची नेमणूक झाली, बिनपगारी. तिला फोटोचं ओळखपत्र आलं. ऑनलाइन प्रशिक्षण आणि शेवटी परीक्षाही झाली. तिला शंभरपैकी शंभर पडले. ते प्रशिक्षण मीही दोन वर्षांपूर्वी केलं होतं. माझे मार्क तिने विचारले नाहीत, हा तिचा मोठेपणा. हेमालीने मात्र आपणहून सांगितले.

तेव्हापासून मी हुकूम लिहायचा आणि विचारायचं, कोणता. श्यामला भाजी निवडता निवडता मान वर करून ‘लाल’ म्हणायची. दिवसाला साठ-सत्तर वेळा. पंधरवड्याने ती पुढचं विचारायला लागली. हे मशीन कालच झोपवलं होतं ना, मग आज परत का? या ओळीचा अर्थ काय? मी म्हणायचो, तू फक्त रंग सांग. त्यावर ती जे गप्प बसायची, ते चौथीच्या वर्गासमोर बसल्यासारखं.

जूनमध्ये ती दोन दिवस बहिणीकडे पालीला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी खऱ्या मशीनची जागा भरून ते अडखळायला लागलं. लॅबांचे फोन हेमालीला, हेमालीचा मला. ती गाडी चालवत होती, तिला पडदा दिसणं शक्य नव्हतं. मशीन ताबडतोब बंद करून चालू करायला हवं होतं, आणि साक्षीदार बल्लाळेश्वराच्या दर्शनाच्या रांगेत, फोन बंद. चांगदेव पेणला गेलेले. मी खिडकीतून बाहेर पाहिलं तर अनंता सुपारीच्या शेंड्यावर होता.

त्याला खाली उतरवून, पाय धुवायला लावून, लॅपटॉपसमोर उभं केलं. फोनवरून हेमालीने त्याला नाव, गाव विचारलं आणि तात्पुरती नेमणूक केली. मी सांगितलं, अनंता, या ओळीचा रंग सांग. पण तो बुजला. इंग्रजी अक्षरं बघून त्याला वाटलं, काहीतरी वाचायचं आहे. वाचता येत न्हाय दादा, असं दोनदा म्हणाला. मागे फोनवर हेमालीचा हॉर्न वाजत होता. मी एंटरवर बोट ठेवलं. तेवढ्यात तो पडद्याजवळ वाकून म्हणाला, “ह्यो कच्चा हाय.”

“कच्चा मतलब?” हेमालीने विचारलं.

कच्चा म्हणजे हिरवा. घाईत मी चाचणीचं मशीन उघडून बसलो होतो. मी दुसऱ्या मशीनची काळी खिडकी उघडली. अनंताने पाहिलं आणि मान डोलावली. हा पिकला, उतरवा, असं तो म्हणाला. मी उतरवलं. चार मिनिटांत सगळं सुरळीत झालं. हेमालीने त्याची साक्ष जशीच्या तशी नोंदवली, त्यामुळे पुढे पंधरा दिवस ऑडिटवाले तिला पत्रं पाठवून विचारत होते की मशीन किती पिकल्यावर उतरवण्याचं कंपनीचं धोरण आहे.

या घटनेतून कंपनीने एक धडा घेतला. माझं बोट आधी एंटरवर गेलं होतं आणि रंग नंतर कळला, हे बरोबर नाही. आता एंटर साक्षीदारच दाबेल. हे पत्र आलं तेव्हा मला राजीनामा द्यावासा वाटला. सव्वीस वर्षं मी या धंद्यात आहे. हुकूम मी लिहिणार आणि एंटर बायको दाबणार, हे आळीला कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. कळलंच. चांगदेवांनी विचारलं की भाऊ, म्हंजे गाडीवर तुम्ही किन्नर आणि वहिनी डायवर? मी खिडकी लावून घेतली.

आणि मग तो जुलैतला मंगळवार. खऱ्या मशीनवर जागा करायची होती. रिपोर्टांच्या फोल्डरच्या पोटात ‘जुने’ नावाचा फोल्डर होता, तेवढा पुसायचा. असली कामं मी झोपेतही करतो. हुकूम लिहिला, खुर्ची मागे सरकवली आणि कोणता, असं विचारलं.

“लाल,” श्यामला म्हणाली. पण तिने एंटर दाबलं नाही. चष्मा काढून तिने पुसला, परत लावला.

मी म्हणालो की रंग लाल आहे ना, मग दाब.

“इथे जागा सुटलीय. काल असं लिहिलंत तेव्हा नव्हती.”

मला आता खरोखर राग आला. मी तिला सांगितलं, तुला रंगासाठी बसवलंय, शुद्धलेखनासाठी नाही. ती नुसतं बोट पडद्यावर ठेवून बसली, पोराने आपण होऊन बघावं म्हणून बाई ठेवतात तसं.

मी पाहिलं.

फोल्डरच्या नावानंतरची तिरकी रेघ, मग एक मोकळी जागा, मग ‘जुने’. त्या एका जागेमुळे मशीनने तो एक पत्ता न वाचता दोन वाचले असते. आधी सगळे रिपोर्ट पूस. मग जुने पूस. चार जिल्ह्यांतल्या माणसांची रक्तं, साखरा, गाठी, सगळं जेमतेम मिनिटभरात गेलं असतं, आणि प्रॉम्प्ट पुन्हा मान वर करून पुढच्या हुकमाची वाट बघत बसला असता. लाल. नियमाप्रमाणे अगदी लाल.

ती जागा काढायला मला दोनदा प्रयत्न करावे लागले. श्यामलाने ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत ओठ हलवत वाचली. मग एंटर दाबलं. जुने गेले, बाकीचे राहिले. बाहेर अनंता कोणाला तरी शिडी धरायला सांगत होता.

प्रत्येक हुकमानंतर साक्षीदाराला एक रकाना भरावा लागतो, ‘निरीक्षणे’ म्हणून. हे हेमालीकडे जातं, तिथून ऑडिटवाल्यांकडे. श्यामलाने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि एका बोटाने सावकाश टाइप करायला लागली. मला वाटलं, आता संपलं. नोकरीत राहायचं की नाही, याचा मी त्या दोन मिनिटांत खरोखर विचार केला. तिने लॅपटॉप परत माझ्याकडे वळवला. रकान्यात मराठीत एकच ओळ होती.

‘विद्यार्थ्याने चूक स्वतः सुधारली.’

तिने बाजूला ठेवलेली भाजीची परात पुन्हा मांडीवर घेतली आणि विचारलं, पुढचं काय आहे?